कोळंबीला अँटिबायोटिकऐवजी झाडपाला: कोणी खरोखर देऊन बघितलाय का?

बांधावरून

नमस्कार मंडळी. रत्नागिरी तालुक्यात खाडीला लागून माझी व्हेनामी कोळंबीची दोन तळी आहेत. पुढच्या पिकाची तयारी चाललीय आणि नेहमीप्रमाणे औषधवाल्यांची रांग लागलीय. यंदा सगळ्यांच्या बॅगेत 'हर्बल' आहे. एका बाटलीवर तुळशीवृंदावन, दुसऱ्या डब्यावर कडुनिंबाची फांदी. आत नेमकं काय असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "सर, शंभर टक्के आयुर्वेदिक, साइड इफेक्ट नाही."

अँटिबायोटिक मी घालत नाही. माल काढण्याआधी तपासणीचा दाखला लागतो, त्यात काही सापडलं तर खरेदीदार दारात उभं करत नाही. पण व्हिब्रिओ, म्हणजे कोळंबीला रोग आणणारा जिवाणू, आला की हातात काय उरतं? प्रोबायोटिक, चुना आणि देवाचं नाव. म्हणून विचारतोय. लसूण, हळद, किराईत, पेरूचा पाला, भुईआवळा यातलं कोणी नियमाने दिलंय का? खाद्यातून की पाण्यातून? किती? दुकानातली बाटली घ्यावी की परसातला पाला कुटावा?

सविस्तर लिहा, घाई नाही. बी, म्हणजे कोळंबीची पिल्लं, टाकायला अजून वेळ आहे.

तात्या_मालवण

आयुर्वेदिक म्हणान साइड इफेक्ट नाय? गेळाची फळां ठेचून वहाळाच्या कोंडीत टाकल्यार मासे कसे उताणे पडतत ता आमच्या पिढीन बघलेला आसा. रामेठ्याचो पालो तसोच. तीं पण झाडांच. झाडपालो म्हणजे गरीब गाय असा समजा नकात.

(नव्या पोरांसाठी: हा प्रयोग करायचा नाही. पाण्यात विष कालवून मासे मारायला १८९७ च्या मत्स्य कायद्यापासून बंदी आहे.)

लसूणवाला

मी गेली काही वर्षं प्रत्येक पिकाला लसूण देतोय. वाटायचा, खाद्याला चोळायचा, द्यायचा. एकदाही मोठी मरतुक नाही. शेजाऱ्याचं तळं गेलं, माझं राहिलं. अजून काय पुरावा पाहिजे? आपल्या पूर्वजांना हे सगळं माहीत होतं, आपणच विसरलो.

उघाडी

लसूणवाले, पूर्वजांना व्हेनामी माहीत नव्हती हो. ती आपल्या देशात २००९ मध्ये आली. पूर्वज खाडीकाठच्या खाजणात भरतीबरोबर आत आलेली कोळंबी ओहोटीला उघाडीवर, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर, जाळं लावून धरायचे. एका खंडीभर पाण्यात मूठभर जनावर. रोगाला आधी गर्दी लागते, ती आपण केली.

निळं_रक्त

मी मत्स्य पदवीधर. काही वर्षं प्रयोगशाळेत होते, आता तळी असलेल्यांना सल्ला देते. कुठलीही बाटली विकत नाही, तेव्हा मोकळेपणाने लिहिते. लांबण लागेल.

बांधावरून, आधी हे बघू की अँटिबायोटिक आपल्या तळ्यात नेमकं करत काय होतं. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग हा विषाणूचा. नव्वदच्या दशकाच्या मध्यात तो आपल्याकडे आला आणि टायगर कोळंबीवाल्यांना त्याने झोपवलं. विषाणूवर अँटिबायोटिकचा परिणाम शून्य. वाढ खुंटवणारा ईएचपी हा सूक्ष्म परजीवी, बुरशीच्या नात्यातला. त्यावरही शून्य. पांढरी विष्ठा दिसली की लोक धावतात, पण तिच्यामागे बरेचदा हाच ईएचपी असतो, सोबतीला व्हिब्रिओ. म्हणजे अँटिबायोटिकला काम म्हणून उरतो तो जिवाणूंचा भाग. त्यातही मेख अशी की आजारी कोळंबी खात नाही. औषध खाद्यातून दिलं की ते खाणार धडधाकट कोळंबी. आजारी तळाशी पडून राहणार, आणि न खाल्लेलं औषध चिखलात जाऊन तिथल्या जिवाणूंना तालीम देणार. हेच जिवाणू एकमेकांना प्रतिकाराची जनुकं वाटत सुटतात.

तेव्हा ज्या गोष्टीला आपण पर्याय शोधतोय ती तळ्यात फारसं काही करतच नव्हती. लसणाकडून तिच्या जागी बसून रोग बरा करायची अपेक्षा ठेवली तर लसूणही नापास होणार, आणि त्याच कारणाने: आजारी जनावर खात नाही.

मग झाडपाल्याचा उपयोग कुठे? रोग यायच्या आधी. माशाला आपल्यासारख्या अँटिबॉडी तयार होतात, त्यामुळे माशांना लस टोचता येते. कोळंबीला अँटिबॉडी नाहीत. तिची सगळी भिस्त जन्मजात संरक्षणावर: रक्तपेशी, जंतूला वेढून काळं पाडणारी विकरं. अनेक वनस्पतींचे अर्क खाद्यातून दिले की हे संरक्षण काही काळ चढं राहतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. "काही काळ" लक्षात ठेवा. बी टाकल्यापासून माल काढेपर्यंत रोज देत राहिलं तर परिणाम उतरत जातो. म्हणून काही दिवस द्यायचं, काही दिवस थांबायचं. पावसाळा तोंडावर आला, मोठी पाणीबदली करायची आहे, अशा वेळांच्या आधी द्यायचं.

आपल्या अंगणातलं उदाहरण द्यायचं तर दूर्वा. तामिळनाडूतल्या संशोधकांनी २००८ मध्ये दूर्वांचा अर्क खाद्याला लावून टायगर कोळंबीला दिला आणि मग पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूची बाधा केली. अर्क खाल्लेली कोळंबी तगली. निकाल फार चांगला होता. पण तो टाक्यांमधला होता, मोजून मापून केलेल्या अर्काचा होता. गणपतीच्या जुड्या तळ्यात फेकून तो निकाल येणार नाही.

लसूणवाला

म्हणजे माझा लसूण फुकट?

निळं_रक्त

मुळीच नाही. फक्त श्रेय कशाला द्यायचं ते ठरत नाही. लसणाच्या वासाने कोळंबी आणि मासे खाद्यावर जास्त येतात, ही जुनी माहिती आहे. तुमची कोळंबी नीट खात असेल, खाद्य वाया जात नसेल, तर तळ स्वच्छ राहतो आणि निम्मं काम तिथेच होतं. शिवाय शेजाऱ्याचं आणि तुमचं बी एकाच हॅचरीचं होतं का? एकाच दिवशी टाकलं होतं का? त्याने पाणी कुठून घेतलं?

एक मात्र विचारते, लसूण वाटून लगेच वापरता की उकळता?

लसूणवाला

उकळून गाळून. वास कमी यावा म्हणून. बी वेगळ्या हॅचरीचं होतं, मान्य.

निळं_रक्त

उकळू नका. लसणातला कामाचा पदार्थ, अ‍ॅलिसिन, अख्ख्या पाकळीत नसतोच. पाकळी ठेचली की आतलं एक विकर दुसऱ्या घटकावर काम करतं आणि तो तयार होतो. उष्णतेने ते विकर मरतं. ठेचा, दहा मिनिटं तसाच ठेवा, मग थोड्या माशाच्या तेलात किंवा अंड्याच्या पांढऱ्यात कालवून खाद्यावर चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी संपवा. हळदीचं उलट: तिचा मुख्य घटक पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. पाण्यात कालवलेली हळद तळ्याला फक्त रंग देते.

प्रमाणाचं म्हणाल तर भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेच्या लोकांनी २००७ मध्ये रोहूच्या बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लांना, किलोभर खाद्यात १, ५ आणि १० ग्रॅम लसूण देऊन बघितला. मग एरोमोनास जिवाणू टोचला. लसूणवाले गट जास्त जगले. त्याच मंडळींनी त्याच प्रमाणात आंब्याच्या कोयीतला गर देऊनही बघितला आणि तिथेही फायदा दिसला. रत्नागिरीत कॅनिंगवाल्यांच्या मागे कोयींचे ढीग पडलेले असतात, म्हणून मुद्दाम सांगितलं. पण ती रोहू होती, गोड्या पाण्यातली. व्हेनामीला तोच आकडा जसाच्या तसा लावायचा नाही.

पेणचा_जिताडा

आमच्याकडे कोळंबी नाही, जिताडा. घरामागच्या तलावात. पावसाळा संपला की काहींची शेपटी कुरतडल्यासारखी होते. गावात एक जण हळद आणि चुना टाकायला सांगतो, दुसरा केळीचा खांब कापून टाकायला. काय करू?

निळं_रक्त

पूर्व भारतात व्रणांच्या रोगावर चुना-हळद तळ्यात टाकायची रीत आहे, तुमच्याकडे ती तिथून आली असावी. त्यात खरं काम चुन्याचं. आपल्या जांभ्याच्या मातीतलं पावसाळी पाणी आम्लाकडे झुकतं, चुना ते सावरतो. शेपटीचं म्हणाल तर आधी बघा, मोठे जिताडे लहानांना चावतात का? ही जात भावंडांना खाणारी. आकाराप्रमाणे वेगळे केले की निम्म्या शेपट्या आपोआप बऱ्या होतात. जखमेवर नंतर जिवाणू बसतात, तो दुसरा टप्पा.

पेणचा_जिताडा

अरे देवा. एकाच तलावात वीतभर आणि हातभर दोन्ही आहेत.

मालती_वेंगुर्ला

मी तळंवाली नाही, खाणारी. एक विचारू का? बांधावरूनदादांचा माल परदेशी जातो म्हणून तपासणी होते. जिताडा पेणच्या बाजारात विकला जातो, तो कोण तपासतं? आम्ही काय कमी माणसं आहोत?

उघाडी

मालतीताई, दुखऱ्या जागी बोट ठेवलंत. देशी बाजारासाठीही अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या मर्यादा आहेत, क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान इथेही बंदच आहेत. पण निर्यातीच्या मालाला जशी चाळणी लागते तशी गावच्या बाजाराला लागत नाही. युरोपने २०१६ मध्ये आपल्या कोळंबीच्या तपासणीचं प्रमाण दहा टक्क्यांवरून पन्नास टक्क्यांवर नेलं तेव्हा निर्यातदार एकदम शहाणे झाले. आपल्या पाटावरच्या माशासाठी अशी वेळ आलीच नाही.

देवगडचा_दीपक

आमच्या गावात एकाने कडुनिंबाच्या फांद्यांच्या मोळ्या बांधून तळ्यात सोडल्या. दोन दिवस पाणी हिरवंगार, तिसऱ्या पहाटे कोळंबी कडेला. तो अजून म्हणतो की वरच्या बागेतून फवारणीचं पाणी आलं.

उघाडी

आलं असेलही, बागायतीत काय काय मारतात ते आपल्याला माहीत आहे. पण पहाटे कडेला आली म्हणजे आधी प्राणवायूकडे बघायचं. पाला कुजायला लागला की तो पाण्यातला प्राणवायू खातो. रात्री शेवाळही खातं. पहाटे चार-पाचला पाणी सगळ्यात वाईट असतं. पाण्यात हवा घालणारा एरेटर बंद असेल तर खेळ खलास. पावसाळ्यात त्यावर गोडं पाणी थर धरून बसतं, ते वेगळंच. मी पावसाच्या पहिल्या रात्री झोपत नाही, उघाडीच्या वरच्या फळ्या काढून वरचं गोडं पाणी सोडतो. माझं औषध तेवढंच.

निळं_रक्त

कडुनिंबाबद्दल अजून एक. त्यातला अ‍ॅझाडिरॅक्टिन किडीला मारतो तो तिची कात टाकण्याची संप्रेरकं बिघडवून. कोळंबीही कात टाकूनच वाढते आणि तिची संप्रेरकं त्याच कुळातली. शेतातल्या अळीला जे जड जातं ते तळ्यात ओतायचं आणि कोळंबीला काही होणार नाही असं धरून चालायचं, हे मला पटत नाही. निंबोळी तेल तळ्यापासून लांब.

उलट उदाहरणही घ्या. चहाच्या बियांची पेंड कोळंबीवाले वापरतात. तिच्यातल्या सॅपोनिनने मासे मरतात, कोळंबी सहसा तगते. माशाचं रक्त लाल, त्यातल्या पेशी सॅपोनिनने फुटतात. कोळंबीच्या रक्तात तांब्यावर चालणारं निळसर द्रव्य असतं, तिला तसा फटका बसत नाही. (माझं टोपणनाव इथूनच.) मोहाची पेंडही त्याच कामाची. गोड्या पाण्याच्या तळ्यात नको असलेले मासे मारायला हेक्टरी दोन-अडीच हजार किलो टाकतात आणि दोन-तीन आठवडे थांबून मग बी सोडतात. तात्यांचं गेळ तरी काय, तेच. कोणतं झाड कोणत्या जनावराला, किती, एवढंच विचारायचं असतं.

तात्या_मालवण

बघा, माज्या गेळाक शास्त्रीय मान्यता मिळाली!

बांधावरून

वाचतोय सगळं. पाण्यात टाकायचं की खाद्यात, याचं उत्तर राहिलं.

निळं_रक्त

आकडेमोड करा, उत्तर आपोआप मिळेल. एक एकर तळं म्हणजे साधारण ४००० चौरस मीटर. पाणी १.२ मीटर. म्हणजे ४८०० घनमीटर, ४८ लाख लिटर. त्यात दहा किलो तुळस वाटून ओतली तर लिटरमागे दोन मिलिग्रॅम ओला पाला. प्रयोगशाळेत ताटलीवर जिवाणू थांबवायला कच्चा अर्क लागतो तो बहुतेक वेळा मिलीलिटरला मिलिग्रॅमच्या घरात, म्हणजे पाचशे पटींच्या आसपास फरक, आणि तोही अर्काचा, पाल्याचा नाही. तेवढं ओतायचं तर तळ्याचा काढा होईल. बाटलीवर "एकरी एक लिटर पाण्यात" असं लिहिलेलं असतं ना? ४८ लाख लिटरमध्ये एक लिटर. त्यात जे काय असेल ते वनस्पती म्हणून काम करत असणं अवघड आहे. म्हणून खाद्यातूनच.

आणि खरोखर परिणाम दिसला तर जास्त घाबरा. एकरी लिटरभर 'हर्बल' ओतून व्हिब्रिओ झटक्यात उतरला, तर त्या बाटलीत दुसरं काही नाही ना, हे तपासून घ्या. किनारी जलकृषी प्राधिकरण अँटिबायोटिकमुक्त निविष्ठांना प्रमाणपत्र देतं. विक्रेत्याकडे ते मागा. वनस्पतीचं पूर्ण नाव, कोणता भाग, बॅच क्रमांक हेही लेबलवर बघा. "गुप्त पाठ" असेल तर परत पाठवा. निर्यातीत नायट्रोफ्युरानच्या अंशाची मर्यादा अब्जातल्या एखाद्या भागाची असते. बाटली विक्रेत्याची, नाकारला जाणारा कंटेनर आपला.

आणखी एक गंमत, जी ऐकून मलाही धक्का बसला होता. २०१० मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी दाखवलं की दवण्याच्या कुळातल्या काही वनस्पतींत आणि गवतात क्लोरॅम्फेनिकॉल नैसर्गिकपणे सापडतं. ते मूळचं मातीतल्या जिवाणूंनीच बनवलेलं औषध, झाड मातीतून उचलतं. मात्रा अगदी सूक्ष्म, पण तपासणी तेवढंच शोधते. म्हणून पोत्याने जडीबुटी विकत घेऊन खाद्यात घालणाऱ्याने आधी तिचा नमुना तपासून घ्यावा.

लसूणवाला

म्हणजे शुद्ध झाडपाल्यातही अँटिबायोटिक. आता माणसाने करायचं काय?

देवगडचा_दीपक

लसूण खा.

कुडाळकर_काका

मी किराईत देऊन बघितलंय, वाळवून कुटून. थोडं होतं तोवर ठीक. जरा हात सैल सुटला की चेक ट्रेमध्ये, म्हणजे किती खाल्लं ते बघायच्या ताटात, खाद्य तसंच. इतकं कडू माणूस ताप आल्याशिवाय पीत नाही, कोळंबी कशाला खाईल? पेरूच्या कोवळ्या पाल्याला तेवढी नाकं मुरडली नाहीत. फायदा झाला का, ते मात्र मला सांगता येणार नाही, दोन्ही तळ्यांत सारखंच दिलं होतं.

निळं_रक्त

काका, तुमचं शेवटचं वाक्य या धाग्यातलं सगळ्यात प्रामाणिक आहे. दोन्हीकडे दिलं की काहीच कळत नाही. आणि दोन तळी तुलनेला घेतली तरी एकाचा तळ जुना, दुसऱ्याला वारा जास्त, असं निघतंच.

बांधावरून

मग असं करतो. एकाच तळ्यात हापे, म्हणजे जाळीचे पिंजरे, लावतो, दोन. पाणी तेच, बी तेच. एकात लसूण लावलेलं खाद्य, दुसऱ्यात साधं, पण तेल दोन्हीकडे सारखं. चालेल?

निळं_रक्त

तेलाचं बरोबर ओळखलंत, बहुतेक जण तिथेच चुकतात. पण दोन हापे पुरणार नाहीत. एकाच्या बाजूला एरेटर असेल आणि दुसऱ्याच्या नसेल तर तुम्ही लसणाऐवजी एरेटर मोजाल. निदान सहा लावा, तीन-तीन, आणि चिठ्ठ्या टाकून जागा ठरवा. प्रत्येकात मोजून सारखी कोळंबी. जाळी शेवाळाने बुजते, आठवड्याला घासावी लागेल. शेवटी किती जगली, वजन किती, खाद्य किती गेलं, एवढं लिहून ठेवा. रोग आलाच नाही तर लसूण रोगावर चालतो का ते कळणार नाही, फक्त वाढीचं कळेल. त्याला इलाज नाही, मुद्दाम रोग सोडायचं काम प्रयोगशाळेचं. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे, आधी तिथे जाऊन बोला. एखाद्या विद्यार्थ्याला प्रबंधासाठी विषय हवाच असतो, मोजमाप तो नीट करेल.

आणि बी घेताना पीसीआर तपासणी चुकवू नका. विषाणू बियाबरोबर आत आला तर हाप्यातला लसूण बघत बसाल.

लसूणवाला

बांधावरून, माझ्याकडूनही तीन हापे धरा. यंदा न उकळता देतो. आकडे इथेच टाकतो, वाईट आले तरी.

पेणचा_जिताडा

हापे तयार मिळतात का शिवून घ्यावे लागतात? मलाही लहान-मोठे वेगळे करायला हवेत.

उघाडी

शिवून घ्या. मिरकरवाड्याला जाळी शिवणारे आहेत, माप देऊन आलात की काम होतं. जिताड्याला बारीक जाळी नको, पाणी खेळत नाही. माशाच्या आकाराचं सांगा, ते आस, म्हणजे जाळीच्या भोकाचं माप, बरोबर धरतात.